फिरून आल्यावर घरातच शू करतो, सहा वर्षांच्या कुत्र्याची ही सवय कशी मोडायची?

कृष्णाकाठची | ९ जुलै, रात्री ११:१२

आमचा खंड्या सहा वर्षांचा आहे. गावठी, नर, वजन बावीस किलोच्या आसपास. जन्मल्यापासून मिरजेजवळच्या आमच्या गावच्या घरी अंगणात मोकळा राहिलेला. एप्रिलमध्ये सासूबाई कायमच्या पुण्याला आमच्याकडे आल्या, त्यांच्यासोबत तोही आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

सकाळी मी आणि संध्याकाळी नवरा असं त्याला खाली नेतो. खाली सगळं हुंगतो, पण शू करत नाही. वर आला, पट्टा काढला की पाच मिनिटांत हॉलमध्ये तळं. शिवाय मुख्य दाराच्या चौकटीवर आणि चपलांच्या रॅकवर पाय वर करून थोडी थोडी करतो ते वेगळंच. आणि जूनच्या शेवटापासून रात्रीसुद्धा व्हायला लागलंय. सकाळी उठून बघावं तर पॅसेजमध्ये भलं मोठं तळं.

सासूबाई म्हणतात, "अंगणातलं जनावर आहे, कळेल हळूहळू." नवरा म्हणतो गावी पाठवू, पण तिथे आता आहे कोण? फिनेलने लादी पुसून पुसून मावशी वैतागल्यात आणि "तो तरी राहील नाहीतर मी तरी" असं बजावून गेल्यात. नेटवर जे आहे ते सगळं पिल्लांसाठी. या घोड्याला काय शिकवायचं ते कुणी सांगेल का?

चकलीचा काटा | ९ जुलै, रात्री ११:३०

आधी मावशींना थांबवा. कुत्र्याचं नंतर बघता येईल. (हलके घ्या.)

बांधावरचा | १० जुलै, सकाळी ६:१५

ताई, आमच्याकडं एकच औषध. जिथं केलंय तिथं नाक घासायचं आन पेपरची गुंडाळी करून एक ठेवून द्यायची. चार दिसांत सरळ येतंय. लाडानं बिघडत्यात ही.

निमिषा_ठाणे | १० जुलै, सकाळी ८:०५

बांधावरचे दादा, राग मानू नका, पण हा उपाय उलटा बसतो. माझ्याकडे दत्तक जाईपर्यंत सांभाळायला कुत्री येतात, बहुतेक मोठीच. मार खाऊन आलेलं कुत्रं लगेच ओळखू येतं, कारण ते माणसासमोर शूच करत नाही. पट्ट्याला असलं की दुसऱ्या टोकाला माणूस असतो ना! मग ते कळ काढतं, घरी आल्यावर सोफ्यामागे जाऊन मोकळं होतं. आपण म्हणतो मुद्दाम करतंय.

कृष्णाकाठची, थोडी माहिती द्या. घरात शू करताना त्याला कुणी ओरडलंय का? खाली नेता ती जागा कशी आहे, माती की फरसबंदी? आसपास भटकी कुत्री? पाणी किती पितो? आणि सध्या कुठलं औषध चालू आहे का? शेवटचा प्रश्न टाळू नका.

कृष्णाकाठची | १० जुलै, दुपारी १:४०

ओरडला आहे, नवरा. पहिल्याच आठवड्यात, चांगला खणखणीत. खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत आणि गेटबाहेर चार-पाच कुत्र्यांची टोळी बसलेली असते. खंड्या त्यांना बघून शेपूट पोटाशी घेतो. गावचा दादा होता, इथे पार मवाळ झालाय.

पाणी हल्ली फारच पितो. भांडं रिकामं करतो आणि बाथरूमच्या बादलीकडे जातो. आम्हाला वाटलं उकाड्याने. औषध म्हणाल तर पावसाला सुरुवात झाली तशी पोटाला आणि पंजांना खाज सुटली, त्याच्या गोळ्या जूनपासून रोज चालू आहेत. खाज एकदम थांबली.

ढोरांचा डॉक्टर | १० जुलै, रात्री ९:२०

मी सिंधुदुर्गात प्रॅक्टिस करतो. बहुतेक गाई-म्हशी, पण हल्ली कुत्रीही बरीच येतात.

ताई, गोळीचं पाकीट बघा. त्यावर प्रेडनिसोलोन किंवा त्याच स्टेरॉइड गटातलं काही असेल तर रात्रीच्या तळ्याचं कारण बहुधा तेच. स्टेरॉइड चालू असलं की कुत्र्याला तहान आणि भूक दोन्ही जबरदस्त लागतात, आणि प्यालेलं पाणी रात्रभर धरून ठेवणं त्याच्या हातात राहत नाही. खाजेसाठी हे औषध देण्यात चूक काही नाही, पुष्कळदा द्यावंच लागतं. मात्र आता मनाने गोळी बंद करू नका. आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर कुत्रा गळून जातो, उलट्या होतात. ज्यांनी दिलंय त्यांना सांगून डोस उतरवत आणा.

पाणी मोजून बघा. सकाळी मापाने भरा, मध्ये भरलेलं लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं वजा करा. बादलीचं झाकण लावायला विसरू नका, नाहीतर हिशेब फसेल. दिवसाला किलोमागे ५०-६० मिली नेहमीचं धरा. १०० मिलीच्या पुढे गेलं तर ते जास्तच. बावीस किलोला म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास. पण मोजायचं म्हणजे तोडायचं नाही. लघवी होते म्हणून पाण्याचं भांडं उचलणारे लोक भेटतात, त्यातून मूत्रपिंडाचं दुखणं असलेलं जनावर दोन दिवसांत आडवं होतं.

लघवी तपासून घ्याच. स्टेरॉइडवरच्या कुत्र्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग लवकर होतो आणि जळजळ, कुंथणं ही लक्षणं औषधामुळे झाकलेली राहतात. सकाळची पहिली लघवी हवी. मेडिकलमधून निर्जंतुक डबी आणा आणि लांब दांडीच्या डावाला बांधा, हात जवळ नेला की गावठी कुत्रं लगेच पाय खाली घेतं. तासाभरात लॅबमध्ये पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. सोबत रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं). घरात उरलेलं माणसाचं अँटिबायोटिक त्याआधी देऊ नका, कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, बिघडतं.

इतर वाचणाऱ्यांसाठीही सांगतो. नर पुन्हा पुन्हा पाय वर करतोय, जोर लावतोय आणि थेंब थेंबच येतंय किंवा काहीच येत नाही, तर इथे प्रतिसादांची वाट बघू नका. मूतखडा अडकलेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन महिना-दोन महिने झालेत, पाणी पितेय पण जेवत नाही, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. तीही थांबणारी केस नाही.

कृष्णाकाठची | १० जुलै, रात्री १०:०२

पाकीट बघितलं. प्रेडनिसोलोनच. उद्याच फोन करते.

बांधावरचा | ११ जुलै, सकाळी ६:३०

डाक्टरसायेब, गोळीचं पटलं. पण दाराला पाय वर करतंय ते? ती तर गोळी घ्यायच्या आधीपास्नं हाय.

निमिषा_ठाणे | ११ जुलै, सकाळी ९:१५

दादांनी बरोबर पकडलंत. घरात शू दिसते एकच, पण कारणं तीन आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. रात्रीचं डॉक्टरांनी सांगितलं. ट्रेनिंगने ते थांबणार नव्हतं, डोस उतरेपर्यंत झोपायच्या आधी आणि मध्यरात्री एकदा खाली न्यावंच लागेल.

चौकटीवरची आणि चपलांवरची म्हणजे खुणा. त्या नेहमी थोड्या, उभ्या जागेवर आणि नव्या वासावर असतात. तुमच्या मजल्यावर दुसरा कुत्रा आहे का बघा. तो तुमच्या दारावरून जाताना पायपुसण्यावर सही करून जात असेल, तर खंड्या आतून उत्तर देतोय. दार बाहेरूनही धुवा, पायपुसणं फेकून द्या. चपला बंद कपाटात. आणि त्याचं जेवणाचं भांडं काही दिवस त्या चौकटीजवळच ठेवा, जेवतात तिथे कुत्री सहसा खूण करत नाहीत.

आता फिरून आल्यावरची, जिचा तुम्हाला सगळ्यात ताप आहे. सहा वर्षं ज्याने फक्त मातीवर केलं त्याला पेव्हर ब्लॉक म्हणजे घरच वाटतं. वर टोळीची भीती, आणि घाबरलेलं कुत्रं करत नाही. गेटबाहेर नेणं सध्या बंद करा. सोसायटीत कुठेतरी कुंपणाला लागून मातीचा पट्टा असतोच, झाडांच्या आळ्यांपाशी, पंपहाऊसच्या मागे. तिथेच न्या, दरवेळी त्याच जागी. हॉलमधली शू पुसलेलं फडकं तिथे मातीत दाबून ठेवा. लोक हसतील, हसू द्या. पट्टा लांब सोडा, त्याच्याकडे टक लावून बघू नका, फोनवर बोलत उभ्या राहा.

केली की त्या सेकंदाला, तिथल्या तिथे खाऊ. वर येऊन दिला तर तो जिना चढण्याचा खाऊ झाला. पोळीचा तुकडा नको, तो रोजच मिळतो. उकडलेलं चिकन किंवा पनीर, नखाएवढं. आणि केल्या केल्या लगेच वर आणू नका, दहा मिनिटं फिरवा. शू झाली की फिरणं संपतं हे लक्षात आलं की कुत्री शू लांबवत राहतात. पुष्कळ घरांत हेच चालतं आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

नाहीच केली तर? वर आणा, पण पट्टा काढू नका. तुमच्या कमरेला बांधा आणि कामाला लागा. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा खाली. हॉलमध्ये मोकळा सोडायचा तो खाली झाल्यानंतरच. डोळ्यांसमोर पाय उचललाच तर नाव घेऊन हाक मारा आणि चला खाली. नंतर सापडलं तर गुपचूप पुसा, त्याला बोलावून दाखवू नका. मान खाली घालतो ती तुमच्या आवाजाला घाबरून, त्या डागाशी त्याचा संबंध त्याला लागत नाही.

दोन वेळा खाली नेणं मोठ्या कुत्र्याला कमीच पडतं. तीन-चार वेळा तरी हवं, सध्या त्याहून जास्त.

सेक्रेटरी_नाइलाजाने | ११ जुलै, सकाळी ११:५०

फडकं पुरायचं म्हणताय ते आमच्या सोसायटीत झालं तर त्याच दिवशी माझ्याकडे तक्रार. माझी विनंती: पाण्याची बाटली सोबत ठेवा. गाड्यांच्या टायरवर आणि लिफ्टच्या दारावर झालं की ओता. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

समोरच्या बाजूलाही सांगतो. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५च्या सूचनांमध्ये सोसायटीने पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करू नये असं आहे. त्यामुळे खंड्याला कुणी अडवत असेल तर तो कागद दाखवा.

कृष्णाकाठची | ११ जुलै, दुपारी १२:३०

आमच्याकडे लिफ्टच नाही. वाद मिटला.

रेवदंडेकर | १२ जुलै, रात्री ८:४५

इथेच विचारतो. आमची लॅब्रेडॉर मादी, आठ वर्षांची, नसबंदी लहानपणी झालेली. ती करत नाही, गळतं. झोपून उठली की अंथरुणावर ओला गोल. उठल्यावर स्वतःच हुंगते आणि भलतीकडे बघते. बाहेर व्यवस्थित करते. खाज नाही, गोळ्या नाहीत, पाणी नेहमीइतकंच.

ढोरांचा डॉक्टर | १२ जुलै, रात्री १०:१०

झोपेत गळणं आणि जागेपणी व्यवस्थित, यावरून मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू ढिला पडल्याची दाट शक्यता वाटते. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये, त्यातही मोठ्या चणीच्या, काही वर्षांनी हे दिसतं. आधी लघवी तपासून संसर्ग नाही ना ते बघू द्या. मग गोळ्या असतात, बहुतेकींना चांगला गुण येतो, पण पुष्कळदा कायम द्याव्या लागतात. लठ्ठ असेल तर वजन उतरवा, फरक पडतो. तिला शिकवायचं काही नाही, तिला कळतच नाही की गळतंय. मेणकापड घाला आणि पोटाखालची कातडी कोरडी ठेवा.

रेवदंडेकर | १२ जुलै, रात्री १०:१५

लठ्ठ आहे. आमच्याकडे मासे जास्त झाले की तिच्याकडेच जातात.

प्रयोगशाळा | १३ जुलै, सकाळी ७:३०

फिनेलवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. मी केमिस्ट्रीचा माणूस.

फिनेलने आपल्या नाकाचं समाधान होतं, कुत्र्याच्या नाही. लघवीतला युरिया पाण्याने जातो, पण वास धरणारे काही घटक नुसत्या पुसण्याने निघत नाहीत. ते लाद्यांच्या सांध्यात बसतात आणि पावसाळी हवेत ओल धरली की पुन्हा वास मारतात. त्या वासावर कुत्रा परत येतो. अमोनिया असलेलं क्लीनर तर मुळीच नको, लघवी कुजली की अमोनियाच तयार होतो.

पाळीव प्राण्यांसाठी एन्झाइमचे क्लीनर मिळतात. ओली जागा आधी कागदाने टिपा, घासू नका. मग क्लीनर भरपूर ओता, सांधे भिजले पाहिजेत. बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ, निदान दहा-पंधरा मिनिटं, ओलं राहू द्या आणि पंख्याखाली न पुसता वाळू द्या. लोक फवारतात आणि लगेच पोछा मारतात, मग म्हणतात पैसे वाया गेले. त्या जागी आधी फिनेल किंवा डेटॉल मारलेलं असेल तर साध्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या, नाहीतर एन्झाइमचं काम बिघडतं. हे क्लीनर नसलं तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, पण संगमरवरावर नको, डाग पडतो. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा बाथरूमच्या ॲसिडमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. लघवीवर थेट ब्लीच ओतलं तरी घशाला झोंबणारे वायू येतात.

जुने डाग शोधायला नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या. रात्री दिवे घालवून जमिनीलगत फिरवा, पिवळट-हिरवट चमकेल. सोफ्याच्या मागचा खालचा काठ आणि पलंगाचे पाय बघा. तयारीने बघा, काही घरांत अख्खी भिंत उजळते.

ढोरांचा डॉक्टर | १३ जुलै, सकाळी ८:००

यात एक भर. पुसताना हातमोजे घाला. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस असतो आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो माणसाला होतो. खंड्याची लेप्टोची लस दरवर्षी होते ना? गावाकडे फक्त रेबीजची देऊन थांबतात.

कृष्णाकाठची | २६ जुलै, रात्री १०:५०

उशीर झाला, पण लिहिण्यासारखं घडलंय.

लघवीत पू-पेशी निघाल्या, कल्चरमध्ये जंतू आले. साखर आणि क्रिएटिनिन ठीक. अँटिबायोटिक चालू आहे, स्टेरॉइड उतरवत आणलंय, खाजेसाठी डॉक्टरांनी दुसरं औषध दिलंय. पाणी मोजलं तेव्हा अडीच लिटरच्या वर होतं, आता निम्म्यावर आलं. रात्रीचं तळं बंद. लस रेबीजचीच झालेली होती, अँटिबायोटिक संपलं की लेप्टोची देणार आहेत.

दाराचंही खरं निघालं. समोरच्यांकडे बीगल आहे आणि तो रोज आमच्या पायपुसण्यावर जातो. त्या काकूंना हे माहीत होतं! आता दोन्ही दारं त्याच धुतात.

खाली मात्र पाऊस आडवा आला. पाऊस लागला की खंड्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चारी पाय रोवतो आणि हलत नाही. यावर तोडगा सासूबाईंनी काढला. नर्सरीतून मातीचं पोतं आणवलं, सिमेंट कालवायचं मोठं घमेलं आणवलं, ते बाल्कनीत ठेवून माती भरली. खंड्या आला, हुंगला आणि गेला. दोन दिवस हेच. मग त्या म्हणाल्या, "अरे, त्याने पाय वर करायचा कशावर?" आणि मातीत अर्धी वीट उभी खोचली. त्याच संध्याकाळी त्याने विटेवर पाय वर केला. मी चिकन हातात घेऊन बाल्कनीच्या दारात उभीच होते.

चकलीचा काटा | २६ जुलै, रात्री ११:०५

सासूबाईंना इथे आयडी काढून द्या. आणि मावशींचं काय झालं?

अंधेरी_पूर्व | २७ जुलै, सकाळी १०:२०

एवढं करण्यापेक्षा नसबंदी करून टाका. आमच्या रॉकीचं पाय वर करणं महिन्याभरात बंद झालं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात (जनावरांच्या दवाखान्यात) नेलं होतं.

निमिषा_ठाणे | २७ जुलै, सकाळी ११:००

नसबंदी कराच, पण त्याने सगळं थांबेल असं धरून नको. बऱ्याच नरांमध्ये खुणा करणं कमी होतं, काहींमध्ये पूर्ण थांबतं, आणि वर्षानुवर्षं हाडात मुरलेली सवय असली की काहींमध्ये उरतेही. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा टोळीची भीती यांना तर नसबंदीचा काही उपयोग नाही. आता अँटिबायोटिक संपू दे, मग ठरवा.

बाल्कनीचंही एक सांगते. घमेलं पावसापुरतं ठेवा. उघडीप असेल तेव्हा खाली नेणं सोडू नका. मोठ्या कुत्र्याला हुंगायला बाहेर जावंच लागतं, आणि घरातली सोय कायम झाली की बाहेरची शू पुन्हा लांबते.

बांधावरचा | २७ जुलै, रात्री ७:४०

घमेल्याची आयडिया आवडली. आमची पोरगी पिंपरीला असती, तिचं कुत्रंबी असंच करतंय. माती किती दिसांनी बदलायची? आन वास येत न्हाई व्हय?

कृष्णाकाठची | २७ जुलै, रात्री ९:३०

वरचा ओला थर रोज जुन्या उलथन्याने काढून टाकतो, तेवढी नवी माती वर घालतो. पूर्ण घमेलं आठवड्याने बदलतो. थोडी ओली माती मुद्दाम मागे ठेवायची, नाहीतर नव्या मातीला तो पुन्हा पाहुण्यासारखा हुंगत बसतो. खाली जाड प्लास्टिक घाला आणि बाल्कनीचं पाणी जायचं भोक कुठे उतरतं ते आधी बघा. आमचं खालच्यांच्या तुळशीवर उतरत होतं, वेळेत लक्षात आलं. वीट जड घ्या, हलकी पडते आणि तो दचकतो.

मावशी आहेत. आलेल्या पाहुण्यांच्या बॅगांवर मात्र खंड्या अजून पाय वर करतो, म्हणून बॅगा दारातूनच उचलून थेट पलंगावर ठेवतो.